कामेगौडांचं नाव पाणवठ्याला देण्यापूर्वी

प्रति,
दिवाळीनंतर डोंगरावर पाणवठे खणायला निघणारी तरुण मंडळं, ग्रामपंचायती, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आणि वन्यजीवांसाठी वर्गणी काढणाऱ्या संस्था यांना,

सप्रेम नमस्कार.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या मळवळ्ळी तालुक्यात दासनदोड्डी नावाचं गाव आहे. तिथले मेंढपाळ कामेगौडा ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. ऐंशी ओलांडलेला माणूस. गावाजवळच्या कुंदिनी बेट्टावर ते मेंढ्या चारायचे. बेट्ट म्हणजे डोंगर. उन्हाळ्यात त्या डोंगरावर पाखरांना आणि जनावरांना प्यायला पाणी नसतं, हे त्यांनी पाहिलं आणि खणायला लागले. आधी हाताशी होतं त्या काठीनं, मग मेंढ्या विकून घेतलेल्या अवजारांनी. पुढे पुरस्कार मिळाले, तेव्हा त्यांची रक्कमही त्यांनी तळ्यांतच घातली. जून २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं, त्या वेळी तळ्यांची संख्या १६ सांगितली गेली होती. तळी एकाखाली एक अशी जोडलेली आहेत. वरचं भरलं की पाणी खालच्याकडे जातं.

महाराष्ट्रात पाणवठ्याला माणसाचं नाव द्यायची चाल आहे आणि ती चांगली आहे. कामेगौडांचं नाव द्यावं असं कुणाच्या मनात आलं, तर आम्हाला आनंदच आहे. पाणलोटाच्या कामात माती हाताळणारी आम्ही मंडळी एवढीच विनंती करतो की, जे पाणी टँकरशिवाय मे महिना काढील आणि ज्यात उतरलेलं जनावर आपल्या पायांनी बाहेर येईल, त्याच पाण्याला हे नाव द्या. बाकी सगळं पत्र हे दोन्ही कसं साधायचं याबद्दल आहे.

आधी सिमेंटच्या बशीबद्दल. उन्हाळा लागला की अनेक ठिकाणी दोन मीटर व्यासाची, मध्यभागी फूटभर खोल अशी गोल बशी बांधतात. तिच्यात जेमतेम ४८५ लिटर पाणी मावतं. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हानं आणि वाऱ्यानं रोज ८ ते १० मिलिमीटर उतरते. म्हणजे काठोकाठ भरलेल्या बशीतून पहिल्याच दिवशी २५ ते ३० लिटर पाणी हवेत जातं, आणि एकही जनावर आलं नाही तरी महिन्या-सव्वामहिन्यात तळ उघडा पडतो. मेंढी उन्हाळ्यात दिवसाला ४ ते ८ लिटर पाणी पिते. साठ मेंढ्यांचा एक कळप आला, तर बशीतलं बहुतेक पाणी एका बैठकीत संपतं. मग टँकर आला पाहिजे, टँकरला रस्ता पाहिजे, डिझेलला पैसे पाहिजेत. पहिली दोन वर्षं उत्साहात हे जमतं. तिसऱ्या वर्षी बशी कोरडी राहते, आणि सवयीनं तिथवर आलेली जनावरं भर उन्हात परत फिरतात. पाण्याची सवय लावून पाणी बंद करणं हे मुळात पाणी न ठेवण्यापेक्षा वाईट. कामेगौडांच्या कामात सगळ्यात शिकण्यासारखं हेच की, त्यांनी वाहून आणायचं पाणी डोंगरावर नेलं नाही, डोंगरावर पडणारं पाणी तिथंच थांबवलं.

आता जागा. हे काम पावसाळ्यात करायचं असतं, आणि इथंच बहुतेक जण चुकतात, कारण निधी आणि सुट्ट्या उन्हाळ्यात असतात. जोरदार सर पडून गेल्यावर तासाभरात डोंगरावर फिरा. पाणी कुठून धावतं, कुठे रेंगाळतं, कुठे गाळ टाकून पुढे जातं ते बघा आणि तिथे चुन्याची खूण करा. उतार एकदम मंदावतो ती जागा चांगली. मोठी घळ टाळा, कारण घळीचा लोंढा एका पावसात बांध नेतो. घळीच्या बाजूला, छोट्या ओघळीच्या तोंडाशी तळं घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा त्याच जागी जा. आजूबाजूचं गवत वाळलं असताना तिथला पट्टा अजून हिरवा असेल, तर खाली ओल धरून ठेवणारा थर आहे. मेंढपाळांना विचारा. धनगर वाड्यांना कुठला झिरा कुठल्या महिन्यापर्यंत टिकतो हे पाठ असतं. मंड्याच्या त्या डोंगरावरही जागा नेमकी कुणाला ठाऊक होती? रोज मेंढ्यांमागे चालणाऱ्याला.

जागा ठरली की खणण्याआधी पाझर तपासा. दोन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. त्यात पाणी भरा आणि जिरू द्या, म्हणजे कडेची माती भिजेल. मग पुन्हा भरा, वर पोतं टाकून झाका आणि काठीवर खूण करून रात्रभर ठेवा. सकाळी पातळी बोटभर उतरली असेल, तर माती लिंपून काम भागेल. निम्मा खड्डा रिकामा झाला असेल, तर जागा सोडा. मंड्याकडे जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आणि मुरूम. भेगाळलेला काळा पाषाण लागला की पाणी खाली पळतं आणि मग कितीही खोल गेलात तरी उपयोग नाही. अशा वेळी ते पाणी वाया गेलं असं मात्र समजू नका. खालच्या अंगाला एखादा झरा त्यावर जगतो. तळं तिथे, त्या झऱ्याखाली घ्या.

आकाराचं गणित मांडून दाखवतो, कारण ‘मोठं’ आणि ‘खोल’ यांत गल्लत होते. तळ्याचं तोंड १६ मीटर लांब, १० मीटर रुंद, खोली अडीच मीटर. तीन बाजूंना दीडास एक उतार, म्हणजे एक मीटर खाली जायला दीड मीटर आडवं. चौथी, जनावरांची बाजू चारास एक. असं तळं काठोकाठ भरलं की साधारण १६४ घनमीटर, म्हणजे १ लाख ६४ हजार लिटर पाणी होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत २४० दिवस. हिवाळा-उन्हाळा मिळून बाष्पीभवन सरासरी रोज ६ मिलिमीटर धरलं, तर १४४ सेंटिमीटर पाणी हवेत जातं. पाझर रोज ३ मिलिमीटर धरला, तर आणखी ७२ सेंटिमीटर. बेरीज २१६. अडीच मीटरमधून शेवटी उरतं फूटभर पाणी, तेही तळाच्या अरुंद भागात, जेमतेम सव्वातीन हजार लिटर. यात पिण्याचं अजून धरलेलंच नाही. म्हणजे दोन मीटर खोलीचं तळं कितीही ऐसपैस केलं तरी जून बघत नाही. तोंड वाढवलं की उन्हाला जागा वाढते. पाणी टिकवायचं तर खोली वाढवा आणि पाझर कमी करा. बाष्पीभवन आपल्या हातात नाही, पाझर आहे. तो ३ मिलिमीटरवरून १ वर आणला, तर त्याच तळ्यात हंगामाअखेर आणखी ४८ सेंटिमीटर पाणी राहतं.

हे तळं भरायला किती पाणलोट, म्हणजे जिच्यावरचं पावसाचं पाणी वाहून तळ्यात येतं अशी किती जमीन लागते? एक हेक्टरवरून १० मिलिमीटर पाणी वाहून आलं की १०० घनमीटर होतं. डोंगरउतारावर एखाद-दोन मोठ्या सरींत एवढं येऊ शकतं. तेव्हा दीड-दोन हेक्टर पाणलोट पुरेसा धरा. याहून फार जास्त असेल, तर भीती तळं रिकामं राहण्याची नसते, बांध फुटण्याची असते.

खोदाई १६४ घनमीटर म्हणजे ५८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मुरमात टिकाव-फावड्यानं खणून घमेल्यानं बाहेर टाकणारा चांगला गडी दिवसाला अर्धा ब्रास करतो. एकट्यानं हे एक तळं करायचं तर ११६ दिवस, जवळपास चार महिने लागतात, आणि तेही दुसरं काहीच न करता. पाठीमागे मेंढ्या असताना एका माणसाने आयुष्यभर काय केलं असेल, ते या आकड्यावरून कळतं. तुम्ही मंडळानं करणार असाल, तर वीस जणांचं ते सहा-सात दिवसांचं काम आहे. जेसीबी लावायला हरकत नाही. फक्त चालकाला आधी चुना मारून उतार दाखवा. यंत्राला सरळ भिंतीचा चौकोनी खड्डा सोपा पडतो, आणि तसा खड्डा म्हणजे सापळा. निघालेली माती काठाला लागून टाकू देऊ नका. काठापासून किमान एक मीटर मोकळी पट्टी सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळी माती पुन्हा आत.

जनावरांच्या बाजूबद्दल थोडं थांबून लिहितो. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेलं हरीण, कोल्हा, बिबट्या बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि माणसंही बुडतात. पोहता येत नाही म्हणून ती बुडतात असं नाही. ओल्या प्लॅस्टिकवर खुराला किंवा पंजाला पकड मिळत नाही, आणि जनावर त्याच एका कोपऱ्यात झटत राहून दमतं. म्हणून चारास एक उतार तळापर्यंत न्या. वरचे दोन मीटर उतार ठेवून पुढे सरळ खोल, असं करू नका, कारण मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि जनावर नेमकं तिथंच उतरतं. उतारावर हातभर लांबीचे चपटे दगड, खडबडीत बाजू वर ठेवून, अर्धे मातीत गाडा. मध्ये फटी सोडा. सिमेंटनं गुळगुळीत करू नका. पाण्याची कड रोज थोडी खाली सरकते आणि मागे ओल्या मातीची पट्टी राहते. पहाटे त्या पट्टीवर बघा: मधमाश्या ओल शोषत बसलेल्या असतात, धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपत असतो, शेजारी ससा किंवा मुंगूस येऊन गेल्याचे ठसे. या सगळ्यांना खोल पाणी नको असतं, ही चार बोटं ओली माती हवी असते. सिमेंटच्या काठाला ती मिळत नाही. आधीच बांधलेल्या बश्या आणि टाक्या असतील, तर त्या पाडायची गरज नाही. प्रत्येकीत एका बाजूला, तळापासून काठापर्यंत दगडांचा उतरता ढीग रचा. अर्ध्या तासाचं काम आहे. खारी, चिमण्या, सरडे, मधमाश्या त्यावरून चढून बाहेर येतात.

लिंपण्यासाठी चिकणमाती कशी ओळखायची? मूठभर माती भिजवून तळहातावर वळा. जाड शेवेएवढी वळी न तुटता झाली, तर माती कामाची. गावतळ्यातला गाळ बहुतेक वेळा चालतो. नुसती काळी माती मात्र घालू नका. ती वाळली की भेगाळते, आणि तळं एकदा कोरडं पडलं की पुढच्या पावसाचं पहिलं पाणी त्या भेगांतून निघून जातं. तिच्यात मुरूम मिसळा आणि वरून वीतभर मुरमाचा थर द्या. लिंपण एकूण फूटभर जाड हवं. ते एकदम टाकायचं नाही, १५ सेंटिमीटरचा एक थर पसरायचा, ठोकायचा, मग दुसरा. ओल किती असावी हे मुठीनं बघा: माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. भुगा झाला तर कोरडी आहे, पोळीसारखी चपटी झाली तर जास्त ओली. दोन-तीन तुकडे झाले की ठोकायला घ्या.

ठोकण्यासाठी धुमस चालतो, पण मेंढ्या त्याहून चांगल्या. धरणाच्या मातीवर फिरणाऱ्या, खुंट असलेल्या रोलरला शीपफूट रोलर म्हणतात, मेंढीच्या पायावरून. लहान टोकदार खूर माती खालून वर दाबत आणतो, सपाट वजन फक्त वरचा पापुद्रा दाबतं. प्रत्येक थरावर शे-दीडशे मेंढ्यांचा कळप दोन-चार दिवस, रोज तासभर फिरवला की मातीतला पाझर बराच आटोक्यात येतो. आसपास धनगर वाडा उतरलेला असेल, तर त्यांना रीतसर बोलवा, मेंढ्या बसवायचा मोबदला द्या आणि तळ्याच्या पाण्यावर त्यांचा हक्क आधीच बोलून ठेवा. मेंढपाळाच्या नावानं तळं करायचं आणि कुंपण घालून मेंढ्यांनाच हाकलायचं, असं होऊ नये.

खणलेली माती खालच्या बाजूला बांध म्हणून घालणार असाल, तर दोन गोष्टी सांभाळा. माती बसते, म्हणून हव्या त्या उंचीपेक्षा दहावा हिस्सा जास्त ठेवा. आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, बांधाच्या भरावात काढू नका. तो बाजूला, न खणलेल्या मूळ जमिनीवर, बांधाच्या माथ्यापेक्षा किमान दीड फूट खाली काढा आणि दगड बसवून पक्का करा. लहान मातीचे बांध फुटतात ते बहुधा पाणी डोक्यावरून गेल्यामुळे, किंवा मुळांच्या आणि उंदरांच्या बिळांतून पाण्याला वाट मिळाल्यामुळे. म्हणून बांधावर झाडं नकोत, गवत लावा. कामेगौडांनी वडाची झाडंही लावली. तुम्हीही लावा, पण तळ्यापासून आठ-दहा मीटर दूर, पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे दुपारनंतरची सावली पाण्यावर येईल.

सांडव्याचं पाणी कुठे जातं हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. ते उघड्या उतारावर सोडलं की दोन पावसाळ्यांत नवी घळ पडते. कुंदिनी बेट्टावर ते पुढच्या तळ्यात जातं. जागा असेल तर एक मोठं तळं करण्याऐवजी तीन लहान, एकाखाली एक घ्या, पण प्रत्येकाची खोली वर सांगितली त्यापेक्षा कमी करू नका. वरचं तळं गाळ अडवतं, मधल्याला त्यातला पाझर मिळतो, खालच्यात स्वच्छ पाणी उशिरापर्यंत राहतं. सगळ्यात वरच्या तळ्याच्या तोंडाशी एक मीटर लांब-रुंद, दोन फूट खोल असा गाळखड्डा ठेवा. दरवर्षी मे अखेरीला तो रिकामा झाला नाही, तर गाळ तळ्यात जाणार, आणि गाळानं गेलेली एकेक वीत खोली म्हणजे मे महिन्यातले पंधरा-वीस दिवस.

परवानगीचं थोडक्यात. वनजमिनीवर स्वतःच्या मनानं खणता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये तळी, लहान जलसाठे आणि पावसाचं पाणी साठवण्याच्या कामांसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ठराव करून वनविभागाकडे द्या.

आणि प्रत्येक डोंगराला नव्या तळ्याची गरज नसते, हेही लिहायला हवं. चिंकाऱ्यासारख्या माळावरच्या जनावराला कमी पाण्यात राहायची सवय आहे. गावाजवळ माळावर बारमाही पाणी केलं की भटकी कुत्री तिथे मुक्कामाला येतात आणि पाडसं मारतात. शिकारीही अशाच एकाकी पाणवठ्यावर फासे लावतात, क्वचित पाण्यात विषही कालवतात. काठावर मेलेले बेडूक, मासे किंवा पाखरं एकदम दिसली, तर पाण्याला हात न लावता, गुरांना दूर ठेवून लगेच वनरक्षकाला कळवा. ज्या तळ्यावर रोज कुणीतरी मेंढ्या घेऊन जातं, तिथे हे प्रकार लपत नाहीत. म्हणून वाटेपासून फार तुटलेली जागा घेऊ नका, आणि रात्री मात्र तिथे कुणी थांबू नये. कॅम्प, दिवे, गाणी तर नकोतच.

खोदाई जानेवारीत सुरू करा, लिंपण मार्चपर्यंत संपवा, म्हणजे थर वळवाच्या सरींआधी बसतील. पहिल्या वर्षी तळं पूर्ण भरू देऊ नका. सांडव्याचा काठ पहिल्या पावसाळ्यापुरता दोन फूट खाली ठेवा, बांध मुरला की वर आणा. पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी जाऊन बघा. ओल दिसली आणि झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर काळजी नाही. ते गढूळ येऊ लागलं तर आतून माती वाहते आहे. त्याच दिवशी सांडवा आणखी खोल करून पातळी उतरवा.

फलक लावायचा असेल, तर पाण्यापाशी नको, खाली पायवाट सुरू होते तिथे लावा. नाव कामेगौडा, गाव दासनदोड्डी, तालुका मळवळ्ळी एवढं लिहा. त्याखाली काळ्या रंगाची मोकळी पट्टी ठेवा, आणि गाळखड्डा शेवटचा कधी उपसला ती तारीख दर वर्षी तिच्यावर खडूनं लिहा.

आपली,
पाणलोटाच्या कामातली मंडळी